बाह्य लाकूड बॉयलर व फर्नेस यांची संयुक्त थर्मोस्टॅट जोडणी

बाह्य लाकूड बॉयलर व फर्नेस यांची संयुक्त थर्मोस्टॅट जोडणी म्हणजे घराबाहेर बसवलेला, लाकडावर चालणारा पाण्याचा बॉयलर आणि घरातील नैसर्गिक वायू, प्रोपेन किंवा तेल यांवर चालणारी उष्ण हवेची फर्नेस या दोन उष्णतास्रोतांना एकाच तापनियंत्रण व्यवस्थेखाली आणणारी विद्युत जोडणी होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील राज्ये आणि कॅनडा येथील ग्रामीण घरांत ती प्रामुख्याने आढळते. लाकडाची उष्णता उपलब्ध असेल तोपर्यंत घर तिच्यावर उबदार ठेवावे आणि ती अपुरी पडल्यास किंवा आग विझल्यास फर्नेस आपोआप पेटावी, हा या जोडणीचा उद्देश असतो. ही जोडणी २४ व्होल्टच्या नियंत्रण मंडलात केली जाते. विद्युत दाब कमी असला, तरी जोडणीतील चुकीमुळे कडाक्याच्या थंडीत घर तापत नाही, नळ गोठून फुटतात किंवा फर्नेसचे नियंत्रण फलक निकामी होते. त्यामुळे तिची रचना समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

खोलीतील तापमानानुसार उष्णतास्रोत आपोआप चालू-बंद करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. विस्कॉन्सिन राज्यातील प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीतील विद्युत थर्मोस्टॅटचे एकस्व मिळवले. त्याच दशकात मिनीॲपोलिस येथे आल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीसाठी स्वयंचलित नियामक तयार केला. खोली थंड झाली की विद्युत मंडल पूर्ण होई, एक छोटी मोटर फिरे आणि भट्टीचे हवेचे झडप उघडून आग भडके. म्हणजेच घरगुती थर्मोस्टॅटचा आरंभ घन इंधनाच्या भट्टीपासूनच झाला. पुढे तेल व वायू यांवरील फर्नेस प्रचारात आल्यावर हेच तत्त्व ज्वालक चालू-बंद करण्यासाठी वापरले जाऊ लागले.

१९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर उत्तर अमेरिकेत लाकडाच्या इंधनाकडे पुन्हा लक्ष वळले. ज्यांच्याकडे स्वतःचे वनक्षेत्र किंवा स्वस्त जळाऊ लाकूड होते, त्यांना आग, राख व धूर घराबाहेर ठेवणारा बाह्य बॉयलर सोयीचा वाटला. मात्र अशा बहुतेक घरांत फर्नेस आधीपासूनच होती. ती काढून टाकण्याऐवजी तिचा पंखा व हवेचे मार्ग वापरून लाकडाची उष्णता घरभर पोहोचवणे आणि तिचा ज्वालक राखीव ठेवणे हा मार्ग रूढ झाला.

प्रमुख घटक

बाह्य बॉयलर: यात मध्यभागी ज्वलनकक्ष असतो व त्याच्याभोवती पाण्याचे आवरण असते. महाराष्ट्रातील घरांत अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी वापरला जाणारा तांब्याचा बंब याच तत्त्वावर चालतो. मध्ये जाळ आणि भोवती पाणी. बहुतेक बाह्य बॉयलर दाबरहित असतात, म्हणजे त्यांतील पाणी वातावरणाला खुले असते. पाण्याचे तापमान साधारणतः ७५ ते ८५ अंश सेल्सियस राखले जाते. त्यासाठी बॉयलरवरील स्वतंत्र नियंत्रक ज्वलनाची हवा कमी-जास्त करतो. या नियंत्रकाचा घरातील थर्मोस्टॅटशी थेट संबंध नसतो.

नळ व पंप: उष्ण पाणी जमिनीखालील उष्णतारोधक नळांतून घरात येते व दुसऱ्या नळाने परत जाते. अभिसरण पंप हिवाळाभर सतत चालू ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे नळांतील पाणी गोठत नाही आणि बॉयलरमधील तापमान सर्वत्र समान राहते.

उष्णता विनिमयक: मोटारीच्या रेडिएटरसारखे पातळ पत्र्यांचे हे वेटोळे फर्नेसच्या वरच्या उष्ण हवेच्या पेटीत, म्हणजे फर्नेसमधून हवा बाहेर पडल्यानंतरच्या मार्गात बसवतात. ते परतीच्या मार्गात बसवल्यास तापलेली हवा पंख्याच्या मोटरवरून जाते व मोटरचे आयुष्य घटते. दर मिनिटाला २० लिटर पाणी वाहत असेल आणि वेटोळ्यात त्याचे तापमान १० अंश सेल्सियसने उतरत असेल, तर सुमारे १४ किलोवॉट उष्णता हवेला मिळते.

जलताप-स्विच: हा ॲक्वास्टॅट या नावाने ओळखला जातो. तो उष्ण पाण्याच्या नळावर पट्ट्याने आवळून बसवतात व त्यावर उष्णतारोधक वेष्टन घालतात. ठरावीक तापमानाला त्याचे संपर्क बदलतात. पाणी खरोखर गरम आहे किंवा नाही, ही माहिती नियंत्रण मंडलाला यातूनच मिळते.

थर्मोस्टॅट, रोहित्र व रिले: फर्नेसमधील रोहित्र घरगुती १२० व्होल्ट दाब २४ व्होल्टपर्यंत उतरवते. त्याची क्षमता सामान्यतः ४० व्होल्ट-ॲम्पिअर, म्हणजे सुमारे १.७ ॲम्पिअर प्रवाहाइतकी असते. थर्मोस्टॅट हा या मंडलातील एक स्विच होय. रिलेच्या साहाय्याने एका मंडलातील संकेतावर दुसरे मंडल जोडता किंवा तोडता येते.

अग्रे व त्यांचा अर्थ

उत्तर अमेरिकेतील थर्मोस्टॅट व फर्नेस यांच्या अग्रांना रूढ अक्षरे आहेत:

- 'आर': रोहित्राची प्रवाह देणारी बाजू. तार बहुधा लाल.
- 'सी': रोहित्राची सामाईक परतीची बाजू. तार बहुधा निळी किंवा काळी.
- 'डब्ल्यू': उष्णतेची मागणी. तार बहुधा पांढरी. दोन टप्प्यांच्या यंत्रणेत 'डब्ल्यू १' व 'डब्ल्यू २'.
- 'जी': पंखा. तार बहुधा हिरवी.
- 'वाय': शीतन, म्हणजे वातानुकूलकाचा संपीडक. तार बहुधा पिवळी.

रंग हा केवळ संकेत आहे. जुन्या घरांत तो पाळला गेलेला असेलच असे नाही. म्हणून तार कोणत्या अग्राला जोडली आहे, हे दोन्ही टोकांना पाहूनच निश्चित करावे लागते.

मूलतत्त्व

संपूर्ण जोडणी एका भेदावर आधारलेली आहे. 'आर' व 'डब्ल्यू' जोडले गेले की फर्नेसचा ज्वलनक्रम सुरू होतो. वायूवरील आधुनिक फर्नेसमध्ये प्रथम धूर बाहेर ओढणारा पंखा फिरतो, दाबस्विच त्याची खात्री करतो, प्रज्वलक तापतो, वायूचे झडप उघडते, ज्योत ओळखली जाते आणि काही वेळाने मुख्य पंखा सुरू होतो. याउलट 'आर' व 'जी' जोडले गेले तर केवळ मुख्य पंखा फिरतो, ज्वालक पेटत नाही. वेटोळ्यात उष्ण पाणी असेल, तर घर तापवण्यास एवढे पुरेसे असते.

म्हणून लाकडाच्या उष्णतेची मागणी 'जी' कडे व इंधनाच्या उष्णतेची मागणी 'डब्ल्यू' कडे पाठवावयाची असते. यांपैकी कोणती मागणी केव्हा पाठवावी, हे ठरवण्याच्या तीन प्रचलित पद्धती आहेत.

जोडणीच्या पद्धती

दोन थर्मोस्टॅट

जुना थर्मोस्टॅट फर्नेससाठी तसाच ठेवून त्याच्या शेजारी लाकडासाठी दुसरा थर्मोस्टॅट बसवला जातो. दोन्ही एकाच भिंतीवर, जवळजवळ असणे आवश्यक असते. अन्यथा दोघांना जाणवणारे तापमान वेगळे असते. लाकडाचा थर्मोस्टॅट २१ अंशांवर व फर्नेसचा १८ अंशांवर ठेवल्यास आग पेटलेली असेपर्यंत घर २१ अंशांच्या आसपास राहते आणि फर्नेसला मागणी जात नाही. मध्यरात्री आग विझल्यास तापमान हळूहळू उतरते. ते १८ अंशांखाली गेले की फर्नेस पेटते.

दुसऱ्या थर्मोस्टॅटचा संकेत थेट 'जी' अग्राला जोडणे सोपे दिसते, परंतु त्यात एक दोष संभवतो. काही जुन्या थर्मोस्टॅटमध्ये पंख्याचा स्विच स्वयंचलित स्थितीत असताना 'जी' व 'वाय' ही अग्रे आतून जोडलेली असतात. अशा वेळी 'जी' वर बाहेरून आलेला प्रवाह उलट जाऊन 'वाय' पर्यंत पोहोचू शकतो व ऐन हिवाळ्यात वातानुकूलकाचा संपीडक सुरू होऊ शकतो. थंडीत चालल्याने संपीडकाची मोठी हानी होते. हे टाळण्यासाठी दुहेरी संपर्काचा रिले वापरतात. लाकडाचा थर्मोस्टॅट रिलेच्या गुंडाळीला प्रवाह देतो. रिलेचा सामाईक संपर्क फर्नेसच्या 'जी' अग्राला, विश्रामावस्थेत जोडलेला संपर्क जुन्या थर्मोस्टॅटच्या 'जी' तारेला आणि विश्रामावस्थेत उघडा असलेला संपर्क 'आर' ला जोडतात. रिले कार्यान्वित झाला की जुन्या थर्मोस्टॅटची 'जी' तार सुटी होते आणि उलट प्रवाहाची शक्यता उरत नाही.

द्विटप्पी थर्मोस्टॅट

दोन टप्प्यांचा एकच थर्मोस्टॅट वापरून पहिला टप्पा, 'डब्ल्यू १', पंख्याच्या रिलेला आणि दुसरा टप्पा, 'डब्ल्यू २', फर्नेसच्या 'डब्ल्यू' अग्राला जोडला जातो. पहिल्या टप्प्याने इच्छित तापमान गाठता आले नाही, तर दुसरा टप्पा सुरू होतो. काही थर्मोस्टॅट हा निर्णय तापमानातील फरकावरून, तर काही गेलेल्या वेळेवरून घेतात. वेळेवर चालणारा थर्मोस्टॅट वापरल्यास पहिल्या टप्प्याला पुरेसा अवधी द्यावा लागतो. कारण वेटोळ्यातून येणारी हवा फर्नेसच्या हवेपेक्षा सौम्य असते व घर तापण्यास अधिक वेळ लागतो. अवधी कमी ठेवल्यास लाकूड जळत असतानाही फर्नेस वारंवार पेटते आणि इंधनाची बचत होत नाही.

बदली जलताप-स्विच

या पद्धतीत थर्मोस्टॅट एकच व एकटप्पी असतो. त्याची 'डब्ल्यू' तार फर्नेसला न नेता जलताप-स्विचच्या सामाईक अग्राला नेतात. पाणी गरम असताना जुळणारा संपर्क पंख्याच्या रिलेला आणि पाणी थंड असताना जुळणारा संपर्क फर्नेसच्या 'डब्ल्यू' अग्राला जोडतात. पाणी गरम असेल तर मागणी पंख्याकडे व थंड असेल तर फर्नेसकडे जाते. घराचे तापमान तीन अंश उतरण्याची वाट पाहावी लागत नाही, हा याचा लाभ होय.

अतिशीत हवामानात पाणी गरम असूनही वेटोळ्याची क्षमता अपुरी पडू शकते. अशा वेळी ही जोडणी फर्नेसला मदतीस घेऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून द्विटप्पी थर्मोस्टॅटचा पहिला टप्पा जलताप-स्विचमधून व दुसरा टप्पा थेट फर्नेसकडे नेऊन दोन्ही पद्धतींचा मेळ घातला जातो.

थंड पाण्यावरील प्रतिबंध

पहिल्या दोन पद्धतींत जलताप-स्विच नसेल, तर आग विझल्यावरही लाकडाचा थर्मोस्टॅट पंख्याला मागणी देतच राहतो. पंखा थंड वेटोळ्यावरून हवा फिरवतो, खोलीत गार झोत येतो आणि फर्नेस पेटली तरी तिची काही उष्णता वेटोळ्यातील पाण्यात शिरून नळांवाटे बाहेरच्या बॉयलरकडे जाते. म्हणून पंख्याच्या रिलेच्या गुंडाळीशी जलताप-स्विच एकसरी जोडतात. पाणी सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सियस झाल्याखेरीज तो जुळत नाही. परतीचे पाणी साधारणतः ६० अंशांखाली गेल्यास ज्वलनकक्षाच्या भिंतींवर बाष्प व डांबरी थर जमून पत्रा गंजू लागतो. त्यामुळे पाण्याची उष्णता अखेरपर्यंत ओढून न घेणे बॉयलरच्याही हिताचे असते.

फर्नेसची उष्णता पाण्यात जाऊन नळ गोठण्यापासून वाचतात, हे येथे नमूद करावयास हवे. घरमालक आठवडाभर परगावी जाणार असल्यास काही जण पंप मुद्दाम चालू ठेवतात. मात्र त्याची किंमत इंधनाच्या रूपात मोजावी लागते.

दोन रोहित्रांचा प्रश्न

लाकडाच्या मंडलासाठी स्वतंत्र रोहित्र बसवले असल्यास त्याची 'आर' बाजू फर्नेसच्या 'आर' शी कधीही जोडू नये. दोन रोहित्रांच्या कला परस्परविरुद्ध असल्यास त्यांच्या 'आर' बाजूंमध्ये ४८ व्होल्टपर्यंत दाब निर्माण होतो आणि ती जोडली जाताच रोहित्र किंवा नियंत्रण फलक जळू शकते. अशा रचनेत एका रोहित्राने केवळ रिलेची गुंडाळी चालवावी व रिलेचे संपर्क फक्त दुसऱ्या रोहित्राच्या मंडलात असावेत. गुंडाळी व संपर्क यांत विद्युतीय संबंध नसल्याने दोन्ही मंडले अलग राहतात. थर्मोस्टॅटवर उष्णता व शीतन यांसाठी 'आर' ची दोन अग्रे व त्यांना जोडणारी पट्टी असेल, तर दोन रोहित्रांच्या वापरात ती पट्टी काढणे अनिवार्य असते.

त्याचप्रमाणे अभिसरण पंप १२० व्होल्टवर चालत असल्याने त्याचा प्रवाह थर्मोस्टॅटमधून नेता येत नाही. पंपावर नियंत्रण हवे असल्यास त्यासाठी योग्य क्षमतेचा रिले लागतो, आणि १२० व्होल्टच्या तारा २४ व्होल्टच्या तारांसोबत एकाच नळीत ओढल्या जात नाहीत.

चाचणी

काम सुरू करण्यापूर्वी फर्नेसचा मुख्य वीजपुरवठा वितरण पेटीतून बंद करतात व मूळ जोडणीचे छायाचित्र घेऊन प्रत्येक तारेला चिठ्ठी लावतात. जलताप-स्विचचे कोणते अग्र तापल्यावर जुळते, हे उत्पादकानुसार बदलते. म्हणून मल्टिमीटरने सातत्य तपासून ते निश्चित करतात. जोडणीनंतर पुढील स्थिती एकेक करून तपासल्या जातात:

- पाणी गरम, लाकडाची मागणी: केवळ पंखा फिरावा, ज्वालक पेटू नये.
- पाणी थंड, लाकडाची मागणी: पंखा फिरू नये. बदली पद्धतीत मात्र फर्नेस पेटावी.
- फर्नेसची मागणी: संपूर्ण ज्वलनक्रम नेहमीप्रमाणे पार पडावा.
- पंख्याचा स्विच हाताने चालू: पंखा फिरावा, अन्य काही सुरू होऊ नये.
- वरील प्रत्येक स्थितीत 'वाय' व 'सी' यांमध्ये दाब शून्य असावा.

शेवटची तपासणी पुष्कळदा राहून जाते. अनेक फर्नेसच्या नियंत्रण फलकावर ३ किंवा ५ ॲम्पिअरचा, मोटारीत वापरतात तसा फ्यूज असतो. जोडणी करताना तो जळल्यास मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे धोक्याचे असते. 'आर' व 'सी' यांचा कोठे स्पर्श झाला आहे, ते शोधणे हाच उपाय होय.

सुरक्षितता

फर्नेसमधील कमाल तापमानाचा स्विच, दाबस्विच व ज्योत ओळखणारी शलाका यांना वळसा देणारी कोणतीही जोडणी वर्ज्य आहे. संयुक्त थर्मोस्टॅट जोडणी ही केवळ मागणीचे संकेत वळवते; सुरक्षा साखळीला ती स्पर्श करत नाही. वेटोळ्यामुळे हवेच्या मार्गात अडथळा वाढतो. त्यामुळे फर्नेस चालू असताना हवा कमी पडून कमाल तापमानाचा स्विच वारंवार सुटत असल्यास दोष तारांत नसून हवेच्या प्रवाहात असतो.

राखीव फर्नेस महिनोन्महिने न पेटल्यास तिच्या धुराड्यात पक्ष्यांची घरटी किंवा कचरा साचू शकतो. ती एखाद्या रात्री आपोआप पेटते, तेव्हा घरातील माणसे बहुधा झोपेत असतात. म्हणून हिवाळ्यापूर्वी तिची तपासणी करणे, अधूनमधून ती मुद्दाम चालवून पाहणे आणि शयनगृहांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवणे आवश्यक मानले जाते.

वीज गेल्यास पंप व पंखा दोन्ही बंद पडतात, आणि फर्नेसही पेटू शकत नाही. दोन इंधने असूनही संपूर्ण व्यवस्था एकाच विजेवर अवलंबून असते, ही तिची मूलभूत मर्यादा होय. दीर्घकाळ वीज जाण्याची शक्यता असलेल्या भागांत पंप व फर्नेससाठी जनित्राची सोय केली जाते.

नियम व पर्यावरण

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये बाह्य लाकूड बॉयलरसह घरगुती लाकूड-तापकांसाठी उत्सर्जनाची राष्ट्रीय मानके लागू केली. अधिक कठोर दुसरा टप्पा मे २०२० पासून अमलात आला. ही मानके नव्या उपकरणांच्या निर्मिती व विक्रीस लागू असून पूर्वी बसवलेल्या बॉयलरवर स्थानिक प्रशासनाचे निर्बंध असू शकतात. अपुऱ्या हवेत धुमसणारी आग व ओले लाकूड ही धुराची मुख्य कारणे आहेत. घराची मागणी थोडी असताना मोठा बॉयलर बराच काळ धुमसत राहतो. त्यामुळे हिवाळ्याच्या आरंभी व अखेरीस बॉयलर बंद ठेवून फर्नेसवरच घर चालवणे शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही हितावह असते. संयुक्त जोडणी असल्यास त्यासाठी तारांत कोणताही बदल करावा लागत नाही.

१२० व्होल्टच्या भागातील काम व फर्नेसमधील बदल यांसाठी अनेक ठिकाणी परवाना आणि तपासणी आवश्यक असते. नोंद न केलेल्या बदलामुळे फर्नेसची हमी किंवा घराचा विमा अडचणीत येऊ शकतो. जोडणीचा आराखडा कागदावर काढून फर्नेसच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवण्याची चांगली प्रथा आहे. ऐन थंडीत यंत्रणा बंद पडल्यास दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाला सर्वप्रथम त्याचीच गरज भासते.

हेही पहा

- थर्मोस्टॅट
- बाष्पित्र
- रोहित्र
- उष्णता विनिमयक
- कार्बन मोनॉक्साइड